पडद्यापलीकडचं लाटणं

निर्वासितांच्या कॅम्पातल्या बराकीत आमच्या आणि सिंधी शेजारणीच्या खोल्यांमध्ये भिंत नव्हती, गोणपाटाचा पडदा होता. पलीकडे ती दिवसभर पापड लाटायची. मराठी तिला येत नसे, सिंधी मला. तिच्या मोडक्या हिंदीतलं प्रत्येक वाक्य "समझी न?" असं संपायचं, मग समोर मी असो की शेगडी.

दिवाळीआधी खोलीला चुना लावताना तो माझ्या धाकटीच्या डोळ्यांत उडाला. डॉक्टरांनी पट्टी बांधली. दिसेल की नाही, ते पट्टी सोडल्यावरच कळणार होतं. ह्यांनी तिला कल्याणहून चित्रांचं पुस्तक आणलं होतं, पण वाचायला घेतलं की दोन ओळींतच मी ते मिटून ठेवायची.

एक दिवस शेजारणीनं ते माझ्या हातून काढूनच घेतलं. बागेचं चित्र आलं तेव्हा तिनं पोरीच्या नाकाशी पुदिना चुरडला, नदी आली तेव्हा ओला पदर गालावरून फिरवला. हत्तीला तर तिनं पोरीच्या कमरेला हाताचा विळखा घालून तिला उचललंच. "हाथी ले गया, समझी न?" पोर खिदळली.

"अहो, गोष्ट वेगळीच आहे," मी म्हणाले. तिनं लक्षच दिलं नाही. मला थोडा रागच आला.

पट्टी सुटली त्या दिवशी "दिसतंय का गं?" असं विचारायचा मला धीर होईना. मी नुसतंच बागेचं चित्र पोरीपुढे धरलं. पलीकडचं लाटणं थांबलं.

पोरीनं डोळे किलकिले केले, चित्राला नाक लावलं आणि ती कुरकुरली, "आई, हिरवं आहे, पण वास कुठे गेला?"

पलीकडे लाटणं पुन्हा सुरू झालं.