लोखंडी खुर्च्यांचा हंगाम

दादा गेल्याचा फोन आला तेव्हा माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला तो, "कुणी मारलं?" फोनवर किसन होता, दादाच्या बँडमधला क्लॅरिनेटवाला. तो आपलंच काहीतरी चुकल्यासारखा म्हणाला, "कुणी नाय ओ ताई. चहा पिता पिता मान टाकली." मला पटेना. दामू मास्तर, मुरबाडच्या ब्रास बँडचा मालक, माझा सख्खा थोरला भाऊ, ज्याच्या डोक्यावरचे टाके मोजायला डॉक्टरही कंटाळले होते, तो चहा पिता पिता जाईल? शहापूरच्या घरात फोन कानाला लावून मी उभी, आणि रडू यायच्या आधी मला हसूच आलं. दादाला हे मरण आवडलं नसतं. त्यात आवाज नव्हता.

आता महिना उलटून गेलाय. लोक भेटतात, म्हणतात, तुमचा भाऊ फार मोठा कलावंत होता हो. होता. पण कलावंत म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे मऊ हातांचा, खाली मान घालून बोलणारा माणूस येतो. दादाचे हात मऊ नव्हते. ते मला, आमच्या भावजयीला, बँडमधल्या प्रत्येकाला आणि मुरबाड तालुक्यातल्या निम्म्या नवरदेवांच्या मामांना ठाऊक होते.

आमच्याकडे बँड म्हणजे वरात. चालत वाजवायचं, घामाच्या धारांत, आणि पुढे लोक नाचणार. दोन वराती समोरासमोर आल्या की एक रीत असते. दोन्ही बँड एकमेकांच्या तोंडावर उभे राहून वाजवतात आणि जो आधी थांबेल तो हरला. त्याच्या नवरदेवानं घोडा बाजूला घ्यायचा आणि दुसऱ्याला वाट द्यायची. त्यामुळे आमच्या भागातल्या वाजवणाऱ्याला लहानपणापासून एकच शिकवण, जीव गेला तरी चालेल पण थांबायचं नाही. मोठ्या ढोलवाल्याच्या हातातून रक्त येताना मी पाहिलंय, आणि त्याच्या बायकोला ते अभिमानानं सांगतानाही. थांबणं म्हणजे नाक कापलं जाणं. ही रीत लक्षात ठेवा, पुढे तीच आमच्या मुळावर आली.

तरुणपणी दादा मुंबईत एका मंडपवाल्याकडे कामाला होता. एकदा एका मोठ्या सभागृहात खुर्च्या मांडायला गेला आणि कार्यक्रम संपेपर्यंत पडद्यामागेच बसून राहिला. परदेशी वाद्यवृंद होता, सिंफनी का काय म्हणतात तो. आल्यावर मला म्हणाला, "माले, सगळे खुर्चीवर बसून वाजवतात गो! आनि मधीच थांबतात. थांबले तरी कोन टाळी वाजवत नाय. लोक खोकायचं पन थांबलेले." त्याला सुरांपेक्षा ती शांतता चावली होती. जमिनीवर पडलेला कार्यक्रमाचा छापील कागद त्यानं उचलून आणला होता. इंग्रजी त्याला येत नव्हतं, मी माझ्या सातवी पास इंग्रजीनं वाचून दाखवलं. शेवटच्या पानावर या हंगामातले पुढचे कार्यक्रम दिले होते. "म्हंजे यांचा पन हंगाम असतो," दादा म्हणाला. "वरातीचा नाय. ऐकायचा."

त्यानंतर कितीतरी वर्षं तो ते पोटात घेऊन फिरला, आणि नव्वदच्या दशकात, बँड त्याच्या स्वतःच्या नावावर झाल्यावर, त्यानं ते बाहेर काढलं. भातशेतावरच्या गाण्यांच्या चाली घेऊन एक लांबलचक रचना बसवली. तिचे तीन भाग, पेरणी, लावणी आणि झोडणी म्हणजे मळणी, आणि दोन भागांच्या मध्ये थांबा. बँडच्या दुकानाबाहेर काळा फळा लावून खडूनं लिहिलं, 'यंदाच्या हंगामातील आगामी कार्यक्रम : मुरबाड, वैशाखरे, म्हसा जत्रा, डोळखांब.' भाड्याच्या नको म्हणून लोखंडी घडीच्या खुर्च्या विकत घेतल्या. त्याला फक्त एक गोष्ट हवी होती. एकदा तरी, कुठेतरी, पहिल्या सुरापासून शेवटच्या सुरापर्यंत ते सगळं बसून वाजवता यावं, आणि मधल्या दोन थांब्यांत माणसांनी गप्प बसावं.

आणि निवेदनाला मी! तेव्हाची मी तुम्हाला दाखवायला हवी होती. चाळिशी उलटलेली, अंगणवाडीत पोरांची नाकं पुसणारी बाई, पण माइक हातात आला की माझ्यात कोणीतरी शिरायचं. चमकीची साडी, संध्याकाळी सात वाजता काळा चष्मा, आणि भाषा अशी की मलाच अर्थ लागू नये. "रसिकहो, शांतता ही सुरांची सासू आहे, तिचा मान राखा!" हे वाक्य मी आठवडाभर आरशासमोर घोकलं होतं. आज ती बाई समोर आली तर तिचा चष्मा काढून मीच तिच्या थोबाडीत देईन. दादानं मला एकच सक्त ताकीद दिली होती. काही झालं तरी शेवटी पुढचा कार्यक्रम जाहीर केल्याशिवाय माइक सोडायचा नाही.

तालीम भातगिरणीच्या शेडमध्ये चालायची. दादाच्या हातात सागाची काठी. ती हलवून तो ताल द्यायचा आणि चुकलं की तीच काठी खाली यायची, बोटांवर, खांद्यावर, कधी तोंडावर. किसन सगळ्यांत गुणी, म्हणून मारही त्यालाच जास्त. त्याची बोटं सुजून वांग्यासारखी व्हायची. एकदा त्याची बायको चंद्रा तडक माझ्याकडे आली. "ताई, तुमच्या भावाला सांगा. नवऱ्याला मारायचा हक माझा हाय, मास्तरचा नाय." मी काळा चष्मा कपाळावर सारून तिला म्हटलं, "कलेसाठी सोसावं लागतं गं." ती म्हणाली, "मंग तुमी सोसा ना. तुमची बोटं बरी दिसतात." मी चष्मा परत डोळ्यांवर ओढला.

मुरबाडला पहिल्याच थांब्यात कोणीतरी ओरडलं, "ए मास्तर, उठून वाजव की! पाय मोडले काय तुझे?" दादा खाली उतरला आणि त्या माणसाचा पाय मोडला नाही एवढंच. वैशाखऱ्याला एक झिंगलेला पाहुणा नाचत मंचावर आला. दादानं त्याच्या पाठीवर काठी घातली, आणि पुढचं तुम्हाला सांगायला नको. पाहुणा अख्ख्या गावाचा असतो. आम्ही टेम्पोत स्वतःला कोंबून निघालो तेव्हा मोठा ढोल कोयत्यानं फाडलेला होता आणि झांजवाल्याचा कान लोंबत होता. आणि मी? मी टेम्पोच्या मागच्या फळीवर उभी राहून, माइक नव्हता म्हणून हाताचा भोंगा करून ओरडत होते, "रसिकहो, पुढचा कार्यक्रम म्हशाच्या जत्रेत!" एक दगड चष्म्याला लागला. चष्म्याचं सोनं झालं.

म्हशाची जत्रा म्हणजे बैलबाजार, घोंगड्यांचे ढीग, पाळणे आणि माणसांचा पूर. बैलबाजाराच्या कडेला आमचा मंच होता. पलीकडच्या टोकाला कोणा पाहुण्यांचा दुसरा बँड वाजत होता, पण लांब. आम्ही सुरुवात केली. पेरणी अशी वाजली की घोंगडीवाला घडी घालायचा थांबला. दादा स्वतःही किसनच्या जोडीला क्लॅरिनेट वाजवत होता, डोळे मिटून, काखेत काठी दाबून. आणि पहिला भाग संपला. दादानं हात वर केला. सगळे थांबले.

आमच्यासाठी तो थांबा होता. जत्रेसाठी ती हार होती. पलीकडच्या बँडला इतकंच ऐकू आलं, की समोरचा गप्प झाला. त्यांनी जिंकल्याचा असा काही गजर केला की बैलांनी कान टवकारले. इकडे आमच्याच मुरबाडची पोरं कपाळावर हात मारून ओरडू लागली, "हरलो रे! मास्तर, वाजवा ना! थांबलात का?" दादाचा हात वरच. त्याला शांतता हवी होती. नारळाची करवंटी आली, मग दगड आला, तरी हात वरच. किसनला ते सोसवेना. पिढ्यान्‌पिढ्यांचं रक्त, थांबायचं नाही हे शिकलेलं. त्यानं क्लॅरिनेट तोंडाला लावलं आणि एकट्यानंच सुरू केलं.

दादा वळला आणि काठी सरळ किसनच्या ओठांवर मारली. रक्त उडालं ते माझ्या साडीवर. किसन उठला. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, काहीच नव्हतं. त्यानं बसायची खुर्ची उचलली, मिटली, आणि समोरून, दादाच्या डोळ्यांत बघत, दादाच्या तोंडावर घातली. असा आवाज मी कुठल्याही वाद्याचा ऐकला नाही. मग खालची गर्दी वर आली, काय झालं ते न कळता जो तो हाताला लागेल त्याला हाणू लागला, खुर्च्या हवेत उडू लागल्या, दावी तोडून बैल सुटले, आणि त्या सगळ्यात दादा गुडघ्यांवर बसून फळ्यांवर काहीतरी शोधत होता. आपले दात. माझ्या हातात माइक होता. माझा आवाज मलाच दुसऱ्या कोणाचा वाटला... "पुढचा कार्यक्रम डोळखांबला."

डॉक्टरला दादानं सांगितलं, बैलानं शिंग मारलं. पोलिसांनाही तेच. वरचे पुढचे दात सगळे गेले होते. ज्याला क्लॅरिनेट ठाऊक आहे त्याला याचा अर्थ सांगायला नको. ते वरच्या दातांवर टेकवून वाजवायचं असतं. शुश्रूषेला मी त्याच्याच घरी राहिले होते, तेव्हा एका पहाटे मी त्याला ओसरीवर पाहिलं. पाठमोरा बसून तो हिरड्यांना क्लॅरिनेट लावत होता. नुसता वारा यायचा. पुन्हा लावायचा, पुन्हा वारा... मी मागच्या मागे घरात गेले.

सूज उतरली तशी एके दिवशी तो क्लॅरिनेट घेऊन किसनच्या पाड्याकडे निघाला. मी मागोमाग धावले. आज एकाचा मुडदा पडणार याची मला खात्री होती. किसन ओट्यावर कोयता घेऊन उभा, चंद्रा त्याच्या मागे मुसळ घेऊन. दादा समोर उभा राहिला. दात नसल्यानं शब्द ओले यायचे.

"माझे गेले. तुझे हायेत. वाजव." त्यानं आपलं काळं क्लॅरिनेट ओट्यावर ठेवलं.

किसननं विचारलं, "काठी कुठाय, मास्तर?"

"म्हशाला ऱ्हायली."

"मारनार नाय?"

"मारीन," दादा म्हणाला. "पन सगळं वाजवून झाल्यावर."

काठी म्हशाला राहिली नव्हती. ती मी उचलून आणली होती आणि माझ्या शहापूरच्या घरात दाराच्या मागे ठेवली होती. दादानं ती कधी मागितली नाही. पुढे मोकळ्या हातानं ताल द्यायचा, आणि बसायचा मात्र त्याच खुर्चीवर, जिचा एक पाय त्याच्या जबड्यानं वाकवला होता. ती डुगडुगायची. दुसरी देऊ केली तर शिवी हासडायचा.

डोळखांब त्या वर्षी झालंच नाही. गावानं निरोप धाडला, आमच्याकडे डोकी फुटायला नकोत. पुढल्या वर्षी दादानं फळ्यावर पुन्हा लिहिलं, 'आगामी कार्यक्रम : डोळखांब'. त्याच्याही पुढल्या वर्षी लिहिलं. दरवेळी काहीतरी आडवं यायचं. मग डीजेच्या गाड्या आल्या, वराती त्यांच्यामागे गेल्या, बँडमधले काही रिक्षा चालवू लागले. किसन टिकला. मला नातवंडं झाली, चष्मा जाड झाला. फळा मात्र तोच राहिला, फक्त दरवर्षी दिवाळीनंतर दादा त्यावरची अक्षरं नव्या खडूनं गिरवायचा. शेवटच्या दिवाळीतही गिरवली.

दादा गेल्यावर डोळखांबवाले स्वतःहून किसनला म्हणाले, "आता मास्तर नाय, म्हंजे मारामारी नाय. या." याला मी श्रद्धांजलीच समजते. गेल्या रविवारी आम्ही गेलो. शाळेच्या पटांगणात लोखंडी खुर्च्या मांडल्या, दादाची मधोमध. तिच्यावर कोण बसणार? सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी दाराच्या मागची काठी आणली होती. बसले. खुर्ची डुगडुगली.

पेरणी झाली. थांबा आला. गाव गप्प. लावणी झाली, दुसरा थांबा आला. एवढ्यात पुढच्या रांगेतला एक बाप्या मांडीवर थाप मारून उठला, "झालं का काय? मंग एक नाचायचं होऊन जाऊ दे की!" माझ्या अंगात कोण शिरलं देव जाणे. मी उठले, काठी घेऊन मंचाच्या कडेला गेले आणि म्हटलं, "बस खाली, न्हायतर दात हातात देईन." तो बसला. मागे किसनला हसू आलं असावं, पण त्यानं क्लॅरिनेट ओठांवर घट्ट धरून ठेवलं. मग झोडणी सुरू झाली. खळ्यावर भाताच्या पेंढ्या आपटाव्यात तसे ढोल... आणि शेवटचा सूर. एकट्या किसनचा. तो विरला.

टाळी कोणीच वाजवली नाही. संपलं हे कोणाला कळलंच नव्हतं, आणि ज्यांना कळलं असेल ते माझ्या हाताकडे बघत होते. दादाला हवी होती तशी, खोकलासुद्धा नसलेली शांतता, पुरी मिळाली. मला माइकवर सांगायचं होतं की रसिकहो, कार्यक्रम संपला. ते तोंडून येईना. मग ताकीद आठवली.

"पुढचा कार्यक्रम," मी म्हटलं, "म्हशाच्या जत्रेत."

किसननं जिभेनं आपले दात चाचपले. खाली उतरताना जवळ येऊन हळूच म्हणाला, "ताई, म्हशाला खुर्च्या मोडतील. या टायमाला प्लॅस्टिकच्या घेऊ?"

मी दादाची खुर्ची मिटून काखेत घेतली. वाकडा पाय बरगडीला टोचत होता.

"लोखंडीच घे," मी म्हटलं. "घडीच्या. हाताशी बऱ्या असतात."