ग्रंथालयाची बांगडी

त्या वर्षी शहराला बांधकामाचं वेडच लागलं होतं. स्टेशनाला काचेचं नवं छत आलं. नदीकाठी सगळ्यात उंच टॉवर चढत होता. बंद पडलेल्या कापडगिरणीची चिमणी तशीच ठेवून आत शाळा झाली. विटांचं नवं हॉस्पिटल तर असं बांधलं, की प्रत्येक खाटेवरून झाड दिसावं. लोक सुट्टीच्या दिवशी मुलाबाळांना घेऊन बांधकामं बघायला निघत. पण ही सगळी बांधकामं एकाच खुर्चीत बसून बघणारी बाई शहरात एकच होती. ती नव्या ग्रंथालयाच्या टॉवर क्रेनवर बसायची. साइटवर तिला 'घार' म्हणायचे.

घार मुळात जमिनीवरची. क्रेन तिचा नवरा चालवायचा आणि ती खाली उभी राहून त्याला हाताने इशारे करायची. उचल, थांब, डावीकडे घे, सावकाश सोड. त्यांचं लग्नही असंच जमलेलं. एकदा त्याने केबिनमधून एक इशारा केला, तो कामाचा नव्हता, आणि तिने तो बरोबर ओळखला. पुढे घरात भांडण झालं तरी दोघं हातानेच बोलायची. सासू म्हणायची, "माझ्या घरात दोन मुके राहतात. बोलायचं सगळं माझ्या एकटीच्या अंगावर पडलंय." ते काम मात्र ती मनापासून करायची.

मग नवऱ्याची नजर गेली. एकदम नाही, हळूहळू, कडेकडेने. डॉक्टरांनी सांगितलं, जेवढं दिसतंय तेवढं टिकवू, पण क्रेन आता विसरा. तो घरी आला, बूट काढले आणि दाराशीच बसून राहिला. मग बायकोला म्हणाला, "इतकी वर्षं मी वर काय करतोय ते तुला खालून कळायचं ना? मग वर बसून खालचं नाही कळणार?"

"मी? आणि क्रेन?"

"का, शिडी तुला ओळखत नाही?"

सासूच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "घरात बसून सुनेने हुकूम सोडले तर मी ऐकून घेईन. आता आभाळात बसून सोडणार. हे म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं झालं."

"आई, शेळ्या नाहीत, गर्डर," सून म्हणाली, आणि परीक्षेला बसली. पहिल्या खेपेला नापास झाली. हात चांगला होता, पण हुक थांबवायची घाई करायची, त्यामुळे भार झोके घ्यायचा. नवऱ्याने घरात पंख्याच्या कडीला दोरी बांधली, दोरीला पाण्याची बादली लावली आणि तिला शिकवलं. झोका जिकडे जाईल तिकडे आपण जायचं, त्याच्याशी भांडायचं नाही, मग तो आपोआप शांत होतो. जमिनीवर इतकं पाणी सांडलं की सासूने फडकं टाकून दिलं आणि चप्पल घालूनच घरात वावरू लागली. पण दुसऱ्या खेपेला सूनबाई पास झाल्या.

हॉस्पिटलच्या साइटवर तिने विटांच्या पाट्या उचलल्या, आणि तिथून तिला ग्रंथालयावर पाठवलं. हे ग्रंथालय गोल होतं. मधोमध सबंध इमारतीइतका उंच वाचनकक्ष, भोवती पुस्तकांचे मजले, आणि सगळ्यांच्या डोक्यावर एक भलीमोठी पोलादी कडी. त्या कडीवर काच बसली की वरून उजेड थेट वाचणाऱ्यांच्या टेबलांवर पडणार होता. कडी जमिनीवरच जोडायची आणि अख्खी एकदम उचलून खांबांवर ठेवायची, असं ठरलेलं. नकाशात तिचं काहीतरी लांबलचक नाव होतं. कामगार तिला 'बांगडी' म्हणायचे.

वर्ष निम्मं सरलं तेव्हा मुकादमाने घारला बातमी दिली. "बांगडी उचलायला बाहेरून माणूस आणतायत. मोठ्या कामांवरचा आहे म्हणे."

घारने त्या दिवशी डबा उघडलाच नाही. संध्याकाळी घरी आली तर नवऱ्याने नुसत्या पावलांवरून ओळखलं. "काय झालं?" तिने सांगितलं. तो म्हणाला, "मला सांगून काय उपयोग? मी काय साइटचा साहेब आहे?"

दुसऱ्या दिवशी ती साहेबांच्या केबिनमध्ये गेली. कधी नव्हे ते हेल्मेट काखेत धरून.

"साहेब, या इमारतीची काडी न् काडी मी उचललीय. शेवटचा घास दुसऱ्याने भरवायचा, हे बरं दिसत नाही."

साहेब माणूस चांगला होता, पण काळजीने पोखरलेला. "बाई, तुमच्यावर अविश्वास नाही. पण एवढं मोठं वजन तुम्ही आजवर उचललेलं नाही. पडलं तर माणसं जातील."

"मग उचलायला लावून बघा. तेवढ्याच वजनाचं काहीतरी द्या. नाही जमलं तर मीच त्या पाहुण्याला शिडी दाखवीन."

साहेबांनी काँक्रीटचे ठोकळे एकत्र बांधायला सांगितले. घारने ते उचलले, फिरवले, खांबांच्या डोक्यांवर आणले आणि तिथे थांबवले. बादलीतलं पाणी हलत नाही तसे ते स्थिर उभे राहिले. परत खाली ठेवले. ती उतरून आली तेव्हा साहेब फोनवर बोलत होते. त्या बाहेरच्या माणसाला येऊ नका म्हणून सांगत होते.

बांगडीच्या दिवसाचा कंपनीने मोठा थाट केला. मंडप घातला, खुर्च्या मांडल्या, पाहुणे आले, कॅमेरे आले. सासू नवी साडी नेसून पहिल्या रांगेत बसली होती. शेजारच्या खुर्चीवर नवरा. घार पहाटेच वर चढली होती. आणि सकाळी वारा सुटला.

वाऱ्याच्या मीटरचा काटा मर्यादेच्या आतबाहेर नाचत होता. खाली मंडपाचं कापड फडफडू लागलं. वॉकीटॉकीवर साहेबांचा आवाज आला, "काय म्हणता? पाहुणे ताटकळलेत. पण निर्णय तुमचा."

घारने दूरवर स्टेशनाच्या छताकडे पाहिलं. तिथले झेंडे सरळ आडवे झाले होते. एवढी भांडून मिळवलेली संधी, आणि आज नाही म्हटलं तर उद्या कुणाला बोलावतील कोण जाणे. तरी ती म्हणाली, "साहेब, आज नाही."

साहेब म्हणाले, "ठीक आहे. मी पाहुण्यांना सांगतो."

मंडपात कुजबूज झाली. मागच्या रांगेतला एक गृहस्थ हसत म्हणाला, "क्रेनवर बांगड्या भरलेले हात बसवले की असंच व्हायचं."

सासूने मान वळवली. घरी ती सुनेला रोज बोलायची, पण तो तिचा हक्क होता, परक्याचा नव्हे. "अहो, बांगडी भरायची म्हणजे काय असतं हे तुम्हाला काय ठाऊक? घाई केली तर फुटते आणि हातही कापतो. बसा गप." गृहस्थ बसले. नवरा मान खाली घालून हसत होता.

वारा काही दिवस ठाण मांडून बसला. पाहुणे परत आले नाहीत, कॅमेरे नदीकाठच्या टॉवरकडे गेले. घार रोज वर जाऊन बसायची, बारीकसारीक सामान उचलायची, आणि मधूनच खाली त्या बांगडीकडे बघायची. मग एका सकाळी उठली तर चहाच्या दुकानाचा धूर सरळ रेघेसारखा वर चाललेला. ती जवळजवळ पळतच साइटवर गेली. नवरा मागोमाग, सासूचा हात धरून. कोण कुणाला धरून चाललं होतं हे सांगणं अवघड होतं.

मुकादमाने दोर तपासले, पुन्हा तपासले. बांगडी फिरू नये म्हणून चारी बाजूंना माणसं ताणदोर धरून उभी राहिली. "घार, आम्ही तयार."

"उचलते."

बांगडी जमिनीपासून वेगळी झाली. साइटवरचा सगळी ठोकाठोक थांबली. माणसं बांबूंवर, खिडक्यांच्या चौकटींत, ट्रकच्या टपांवर उभी राहिली. बांगडी मजल्यामागून मजला ओलांडत वर आली, आणि शेवटच्या मजल्याशी कुठूनशी एक झुळूक आली. बांगडी गोल फिरू लागली.

मुकादमाचा आवाज चढला. "फिरतेय, फिरतेय."

"दिसतंय, दादा. ओढू नका. नुसतं धरून राहा."

तिने हुक थांबवला नाही, झोक्यामागे अलगद नेला. बांगडी पुढे गेली, क्रेन तिच्यामागे गेली. बांगडी मंदावली, क्रेन मंदावली. खाली नवऱ्याला यातलं काही स्वच्छ दिसत नव्हतं. तो मोटरचा आवाज ऐकत होता. सासूने दंडाला घट्ट धरून विचारलं, "काय चाललंय रे?" तो म्हणाला, "आई, ती भांडत नाहीये."

झुळूक गेली. बांगडी खांबांवर आली, बोल्टांच्या टोकांवर थबकली, मुकादम म्हणाला "केसभर उजवीकडे," आणि मग सगळ्या खांबांवर एकदम बसली. तो आवाज लांबच्या रस्त्यावरही ऐकू गेला असं नंतर लोक सांगायचे. त्यानंतर जो गलका उठला, त्यात कोण काय ओरडत होतं ते कुणालाच कळलं नाही. हेल्मेटं उडाली. साहेबांनी मुकादमाला मिठी मारली. केबिनमध्ये घारने क्रेनचे दोन्ही दांडे सोडले आणि काचेतून बाहेर पाहिलं. टॉवर, स्टेशन, गिरणीची चिमणी, हॉस्पिटलची लाल भिंत, सगळं सकाळच्या उन्हात तिच्या समोर पसरलं होतं, आणि तिला आकाश खरंच ठेंगणं झालं होतं.

वर्ष संपताना शहराच्या वर्तमानपत्राने वाचकांना विचारलं, यंदाची इमारत कोणती. सगळ्यांना वाटलं टॉवर. निवड ग्रंथालयाची झाली. समारंभात म्हाताऱ्या आर्किटेक्टने बक्षीस हातात घेतलं आणि म्हणाला, "मी कागदावर गोल काढला. तो वर कुणी ठेवला, त्यांनी आधी इथे यावं." साहेबांनी घारला जवळजवळ ढकललंच. तिच्यामागे मुकादम, त्याच्यामागे ताणदोरवाले, आणि रांग संपेना तेव्हा व्यासपीठ कमी पडलं.

ग्रंथालय उघडलं त्या दिवशी तिघंही आत गेली. घारने जागेवर बसलेली बांगडी आजवर फक्त वरून पाहिली होती. ती वाचनकक्षाच्या मधोमध उभी राहिली आणि तिने मान वर केली. काचेतून उजेड नुसता ओसंडत होता. नवऱ्यानेही मान वर केली.

"दिसतंय?" तिने विचारलं.

"कडा नाही दिसत. पण मधला उजेड दिसतोय. गोल आहे."

एक शाळकरी मुलगी टेबलावर पुस्तक उघडून बसली होती. सासू तिच्याजवळ गेली आणि बोट वर करून म्हणाली, "ते माझ्या सुनेने ठेवलंय तिथे." मुलीने वर पाहिलं, मग घारकडे पाहिलं आणि सरकून बाकावर जागा केली. घार तिच्या शेजारी बसली.