जाहिरात लागेपर्यंत थांबणाऱ्या इंगोले मॅडम

प्रा. सुमन इंगोले मॅडमना मी पहिल्यांदा जवळून पाहिलं ते अमरावतीतल्या एका परक्या घरी, टीव्हीसमोर सतरंजीवर बसलेल्या बायकांच्या घोळक्यात. माध्यम आणि संस्कृती अभ्यासाच्या एम.ए.ला मी नुकताच प्रवेश घेतला होता. मॅडम तेव्हा मालिका पाहणाऱ्या घरांचा अभ्यास करत होत्या आणि त्यांनी मला सोबत नेलं होतं.

मी उत्साहाने शेजारच्या आजींना विचारलं, "या सुनेबद्दल तुम्हाला काय वाटतं?"

"चूप बस ना वं पोरी! तिच्या दुधात काही टाकून राहिले, दिसत नाही का तुले?"

सगळ्या हसल्या, मॅडमही हसल्या. जाहिरात लागल्यावर त्यांनी हळूच विचारलं, "मावशी, घरचं कोणी सोबत बसते का पाहाले?"

"कोन बसते? म्हून त हिच्याकडे येतो मी."

जाहिरात लागेपर्यंत प्रश्न विचारायचा नाही, हा मॅडमचा नियम मी त्या दिवशी शिकले. आपण लोकांच्या विरंगुळ्याच्या वेळेत शिरतो, तेव्हा निदान तो मोडू नये, असं त्या म्हणत. पुढे जो तो आपापला मोबाइल घेऊन वेगळ्या कोपऱ्यात बसू लागला. चांदूर रेल्वे या गावी एका घरी कॉलेजातली मुलगी इयरफोन लावून काहीतरी पाहत होती. मॅडम तिच्याजवळ जाऊन बसल्या. "एक कान मले दे ना वं."

"मॅडम, तुमाले बोर होईन."

"होऊ दे."

आणि त्या शेवटपर्यंत ऐकत राहिल्या.

गौरवलेख लिहिताना आपण माणसाला मोठं करतो आणि त्या भरात त्याचं एकटेपण झाकतो की काय, अशी मला शंका येते. म्हणून हेही लिहिते. विभागात हे काम करणाऱ्या मॅडम एकट्याच होत्या. स्टाफरूममध्ये कोणी ना कोणी म्हणायचंच, "काय मॅडम, आज कोणती मालिका? पगार भेटते ना पाहायचा?" "या ना संध्याकाळी," मॅडम म्हणत, "चहाही भेटते." कधी कोणी गेलं नाही.

मी अकोल्यात नोकरीला लागल्यावर काही वर्षांनी माझी आई गेली. घरात मी एकटी उरले. भेटायला येणारे तेच तेच विचारत आणि मी तेच तेच सांगत असे. मॅडम गाडीने अमरावतीहून आल्या आणि शेजारी बसल्या. टीव्ही चालू होता. त्यावर काय होतं ते मला सांगता येणार नाही. जाहिरात लागली तेव्हा त्यांनी विचारलं, "सकाळपासून काही खाल्लंस?" मी मानेनेच नाही म्हटलं. त्या उठून स्वयंपाकघरात गेल्या, खिचडी टाकली. रोजनिशीत त्या तारखेला मी एवढंच लिहिलं आहे : मॅडम आल्या होत्या.

आता मॅडम साठीच्या झाल्या, निवृत्त होत आहेत. त्यांची जागा भरली जाणार नाही, असं कळतं. शिकवायला कोणी मिळालं नाही तर यंदा त्यांच्या विषयाचा वर्गच बंद होईल. मध्यंतरी त्यांचा फोन आला. दर शनिवारी अकोल्याहून येऊन शिकवशील का, असं त्यांनी विचारलं.

"मॅडम, मला जमेल का?"

"ते मलाही ठाऊक नाही. पण वर्ग बंद झाला तर मी या विषयावर बोलू कोणाशी?"

इतक्या वर्षांत त्यांनी स्वतःसाठी माझ्याकडे काही मागितल्याचं मला आठवत नाही. मी हो म्हणाले. त्यांची उणीव माझ्याने भरून निघेल, असं मुळीच वाटत नाही. विद्यार्थी येतील की नाही, तेही माहीत नाही.

मॅडमना दीर्घ आणि निरोगी आयुष्य लाभावं, असं या गौरवग्रंथात सगळेच लिहितील. मीही तेच मागते आहे, पण माझ्या मागण्यात स्वार्थ आहे. अकोल्यात मलाही या विषयावर बोलायला दुसरं कोणी नाही. शनिवारी वर्ग आटोपला की त्यांच्या घरापर्यंत चालत जावं, बेल वाजवावी आणि दार त्यांनीच उघडावं. पुढची खूप वर्षं.