म्हशीच्या पोटातलं चुंबक

आमचे गुरांचे डॉक्टर गोठ्यात शिरले की थर्मामीटरच्या आधी खिशातून होकायंत्र काढायचे. म्हशीच्या डाव्या कोपरामागे धरायचे. सुई गर्रकन फिरली की म्हणायचे, "आहे. जागेवर आहे."

जागेवर असायचं ते बोटाएवढं चुंबक. प्रत्येक म्हशीला त्यांनीच ते गिळायला लावलेलं. म्हैस चाऱ्याबरोबर खिळे, तारा गिळते. ते पोटाच्या पुढच्या कप्प्यात साचतात आणि त्याला लागूनच हृदय असतं. चुंबक त्यांना धरून ठेवतं.

माझे सासरे, दादा, पहिल्यांदा हे पाहून म्हणाले, "डॉक्टर, मंग हिला उत्तरेला तोंड करून बांधू का? पानी पन तिकडंच ठेवतो."

"तोंड कुठंही करा, दादा. फक्त त्या कुंपणाकडे नको."

कुंपणापलीकडे, आमच्या चांदीप गावच्या भातशेतात, तेव्हा पहिली इमारत उठत होती.

डॉक्टर निर्मळहून स्कूटरवर यायचे. दोरीला बांधलेलं मोठं चुंबक गवतातून फिरवायचे आणि निघालेलं लोखंड ओळीनं मांडायचे. सळ्या बांधायची तार दर खेपेला वाढलेली असायची. "लोखंड ऐकतं, वहिनी. निकेल ऐकतं. लोखंड गंजून पार माती झालं की तेही बहिरं होतं. तांब्याला, ॲल्युमिनियमला तर कितीही हाका मारा."

मी त्यांच्याकडून एक होकायंत्र मागून घेतलं. दर सोमवारी चारी म्हशींना लावायची, वहीत खूण करायची.

मागच्या वर्षी चंद्रीनं चारा सोडला. पाठ कमानीसारखी झाली. मी होकायंत्र लावलं, सुई फिरली. चुंबक आहे, म्हणजे तारेचं दुखणं नाही, असं ठरवून मी तीन दिवस तिला ओवा-हिंग देत राहिले. चौथ्या दिवशी ती गेली.

डॉक्टरांनी पोट उघडलं. चुंबक खिळ्यांनी साळिंदरासारखं फुललं होतं. त्याच्या शेजारून, दोन बोटं लांब, वायरीतली तांब्याची तार हृदयात घुसली होती. कुंपणाशी वायरमन वायरी सोलत बसायचे, हे मी रोज बघत होते.

"चूक माझी," ते म्हणाले. "सुई चुंबकाचं सांगते, म्हशीचं नाही. हे मी सांगायला हवं होतं."

त्या आठवड्यात ते चुंबक घातलेल्या प्रत्येक गोठ्यात जाऊन हेच सांगून आले. काहींनी त्यांना बोलावणं बंद केलं. मला त्यांनी चिमटा शिकवला. पाठीवर चिमटलं की बरी म्हैस पाठ खाली दाबते. आत दुखत असेल तर ताठ राहते.

आता ते मुलीकडे नाशिकला असतात. मी रोज सकाळी आधी पाठी चिमटते, मग धारा.

आज गौरी म्हशीची पाठ वाकली नाही. तिला आठवा महिना आहे. मी नाशिकला फोन लावला.

"कण्हली?"

"हळूच."

"पोट उघडणारा डॉक्टर आजच बोलवा. उद्या नको."

"आणि रेडकू?"

"दोन्ही जीव वाचतील असं मी म्हणणार नाही, वहिनी."

मी त्या दुसऱ्या डॉक्टरांचा नंबर लावला. घंटी वाजत राहिली. दादांना अजून काही माहीत नव्हतं. ते गौरीपुढे बादली सरकवत होते. "पी गो बाय, पानी पी. दोन जिवांची तू."