सिमेंटच्या खोलीवरचं नाव

नंदुरबारहून गाडीत बसलो तेव्हा माझ्या फुईच्या (आत्याच्या) पिशवीत कळण्याच्या (ज्वारी-उडदाच्या) भाकरी होत्या आणि तिच्या बापाचं एकुलतं एक पोस्टकार्ड. फुई आता चौऱ्याऐंशीची. ती रांगत होती तेव्हा माझे आजोबा आमच्या कळसाडी गावाहून महायुद्धाच्या मजुरीला गेले. विशाखापट्टणमच्या बाजूला, दर्याकाठी, शिपायांनी आत बसून गोळ्या झाडायच्या सिमेंटच्या खोल्या बांधतो आहे, एवढं त्यांनी कुणाकडून तरी लिहवून घेतलं. त्यानंतर माणूसही नाही, कागदही नाही. इंग्रजांनी कळवलं नाही, पुढे आपल्यांनीही नाही. मजुराची कोणाला पडली होती!

मरणाची खबर नाही म्हणून घरात सुतक धरलं नाही. आखाजीला (अक्षय तृतीयेला) त्यांच्या नावाची आगारी, म्हणजे पितरांसाठी विस्तवावर ठेवायचा घास, टाकली नाही. आजी कुंकू लावूनच गेली. फुईला डोळे मिटण्याआधी बापासाठी एकदा रडून घ्यायचं होतं. पण खबरीशिवाय रडणं म्हणजे जित्या माणसाला मारणं.

रायपूरच्या पुढे भाकरी संपल्या. स्टेशनवरची इडली फुईने चाखली आणि "यामा मीठ कोठे शे?" म्हणत माझ्या हातावर ठेवली.

विशाखापट्टणमला उतरून तशी खोली कुठे आहे विचारलं, तर रिक्षावाल्याने एका कोळीवाड्यापाशी सोडलं. वाळूत एका बाजूला कललेली ठेंगणी खोली, हातभर जाड भिंती, बंदुकीसाठी आडव्या फटी. आतून लघवीचा भपकारा येत होता. बाहेर जाळं सांधत बसलेली कोळीण मोडक्या हिंदीत म्हणाली, "अंदर मत जाओ अम्मा, सब गंदा करता." ज्या भिंतींपायी आमचं माणूस गेलं, त्यांचा हा उपयोग! माझं डोकंच फिरलं.

दाराशी नवीकोरी संगमरवरी पाटी होती. तिच्यावर डागडुजीचं उद्घाटन करणाऱ्या पुढाऱ्याचं नाव, खाली ठेकेदाराचं. बांधणाऱ्या मजुरांचा पत्ता नव्हता.

फुईला अक्षरओळख नाही. तिने विचारलं, "बापनं नाव शे का रे तठे?"

"शे, फुई," मी म्हणालो, आणि तिचं बोट धरून ठेकेदाराच्या नावावर ठेवलं.

तिने ते सावकाश चाचपलं. मग लुगड्यानिशी पाण्यात गेली, मरणाची खबर आल्यावर करतात तशी डोक्यावरून आंघोळ केली आणि ओल्या वाळूत बसून हंबरडा फोडला. कोळीण जाळं टाकून तिच्याजवळ येऊन बसली. मी दूर उभा. मला स्वतःची लाज वाटत होती.

कळसाडीला परतलो आणि बाया दारावर (सांत्वनाला) येऊ लागल्या, ऐंशी वर्षं उशिरा. म्हसावदहून एक निवृत्त मास्तर आले. चष्मा चढवत म्हणाले, "पाटीना फोटो दखाड ना भाऊ, नाव वाचू दे."

मी मोबाईल खिशातच दाबून धरला. फुईनेच अडवलं, "ऱ्हावू द्या, मास्तर."

ते गेल्यावर ती मला म्हणाली, "मजूरनं नाव दगडवर कोन कोरस रे? माले रडानं व्हतं. तू 'शे' सांगं, मन्हं काम व्हयनं."

यंदा आखाजीला मी आजोबांची आगारी टाकली. पण एका म्हातारीला बापासाठी रडायला भाच्याचं खोटं लागावं, याचा राग अजून जात नाही.