धुळ्याचा दोन दिवसांचा उन्हाळा

"नाना गया रे भाऊ..." अक्कांचा फोन आला तेव्हा मी जळगावात, कॉलेजच्या संगणक प्रयोगशाळेत, नानांवरच चडफडत बसलो होतो. त्यांनी हट्टानं सांगितलेला बदल नुकताच करून झाला होता आणि 'घ्या, झालं तुमच्या मनासारखं' असं ऐकवायला मी फोन हातात घेतला होता. तो हातातच वाजला. भांडणाचं शेवटचं वाक्य माझ्याकडेच राहिलं.

नाना म्हणजे धुळ्याच्या कॉलेजातले माझे भौतिकशास्त्राचे शिक्षक. निवृत्तीनंतर देवपूरच्या घरी थोरल्या बहिणीबरोबर, म्हणजे अक्कांबरोबर राहायचे. अंगणातल्या निंबाला टांगलेला तापमापक उन्हाळ्यात रोज भर दुपारी वाचायचा, हा त्यांचा नेम. लग्न असो, मयत असो, नाना दुपारी निंबाखाली. केळीवर उन्हाचा काय परिणाम होतो ते अभ्यासणाऱ्या एका केंद्रानं हे आकडे आपल्या वैज्ञानिक डेटाबेसमध्ये घ्यायची तयारी दाखवली. अट एकच, आकडे खात्रीचे हवेत. नाहीतर आयुष्यभराच्या दुपारी रद्दीत. नानांचा जीव त्यात अडकला होता. सी भाषेत प्रोग्राम लिहून ते आत भरायचं काम मी अंगावर घेतलं आणि "एका दुपारचं तर काम आहे" असं बोलूनही गेलो.

ती दुपार महिनाभर चालली. एकेका उन्हाळ्याचे आकडे एकेका रांगेत, म्हणजे ॲरेमध्ये, भरायचे होते. रांग किती लांब आहे हे डेटाबेसला आपणच सांगायचं असतं. मी रांगेऐवजी रांगेच्या पत्त्याची लांबी मोजून दिली. वऱ्हाडी किती येणार हे पाकिटावरच्या पत्त्यावरून ठरवावं, तसं. ही चूक करू नका, असं मी मुलांना दर वर्षी शिकवतो. प्रत्येक उन्हाळ्याचे पहिले दोनच आकडे आत गेले. नानांनी पडद्याकडे पाहिलं, चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं.

"धुळ्याचा उन्हाळा दोन दिवसांत आटोपला! अरे भो, तू आधी का नाही भेटला? अक्का, कूलर माळ्यावर टाक!"

ते दुरुस्त केलं, तर खरं भांडण पुढंच होतं. तापमापक थोडं कमी दाखवतो, हे नानांनी कॉलेजातल्या चांगल्या तापमापकाशी ताडून ठरवलं होतं. मी शहाणपणा करून तो फरक प्रत्येक आकड्यात मिळवून टाकला. नाना एवढे संतापले की अक्का स्वयंपाकघरातून बाहेर आल्या.

"माझे आकडे बदलले तू?"

"बदलले नाहीत, दुरुस्त केले."

"मला जे दिसलं ते दिसलं. त्याला हात लावायचा नाही. फरकाची ती एक संख्या वेगळी लिही. वाचणारा वाचताना मिळवेल."

"नाना, उत्तर तेच येतं!"

"आज येतं."

मी लॅपटॉप आपटून मिटला. परतताना एसटीत शेजारच्या बिचाऱ्या प्रवाशाला हे सगळं ऐकवलं. तो पारोळ्यालाच उतरून सटकला, तरी एरंडोल येईपर्यंत माझी बडबड थांबली नाही. मग जळगावात, प्रयोगशाळेत बसून, चडफडत रांगा नानांना दिसल्या तशाच लिहिल्या आणि फरकाची ती संख्या एकटी, वेगळ्या जागी. आणि नाना गेले...

पंधरवड्यानं केंद्रानं तापमापक तपासायला मागवला. निकाल आला: नानांनी ठरवलेला फरक चुकीचा. कॉलेजातला तो चांगला तापमापकच बिघडलेला होता. केंद्रातल्या मॅडम हळहळल्या, "म्हणजे सगळंच गेलं का हो?" मी ती एकटी संख्या बदलली. एक ओळ. रांगांना हातही लावला नाही, आणि नानांचे सगळे उन्हाळे सरळ झाले. केंद्रानं ते ठेवून घेतले. वैताग बघा: हा माणूस आयुष्यात पहिल्यांदा चुकलेला सापडला, तर त्या चुकीनंच बरोबर ठरला. आणि हे तोंडावर सांगायला मिळू नये!

अक्कांना सांगायला गेलो, तापमापकही परत दिला. "म्हणजे नाना चुकना व्हता?" त्यांनी दोनदा विचारलं, आणि पदर तोंडाला लावून हसल्या की रडल्या, मला कळलं नाही.

आता भर दुपारी, नेमका माझा तास चालू असताना, निंबाखालून अक्कांचा फोन येतो. "भाऊ, आज भलतं ऊन शे. लिखी ले." "अक्का, रविवारी तरी सुटी द्या." "ऊन सुटी लेस का?" पोरं हसतात. मी चडफडत वर्गाबाहेर येतो आणि आकडा लिहून घेतो. जसाच्या तसा.