चौथा आवाज

बेळगावात गाणं ऐकणाऱ्यांची वानवा नाही, आणि गाणाऱ्यांची तर कधीच नव्हती. पण गाणं ऐकण्याची तयारी करण्यातच ज्याचा जन्म गेला आणि ऐकायचं मात्र राहूनच गेलं, असा माणूस माझ्या पाहण्यात एकच. अनगोळात आमच्या भिंतीला भिंत लावून राहणारे आण्णा. टेलिफोन खात्यातून निवृत्त झाल्यावर लोक शेत बघतात, देवधर्म बघतात, नाहीतर नातवंडं बघतात. आण्णांनी कॉम्प्युटर घेतला आणि त्यावर गाणी ऐकायला हेडफोन बघायला सुरुवात केली. ते बघणं अजून संपलेलं नाही. त्यांच्या पुढच्या खोलीत, दुसऱ्यांच्या घरी जिथं फोटो असतात त्या भिंतीवर, ओळीनं खिळे मारलेले आहेत आणि प्रत्येक खिळ्याला एकेक हेडफोन लोंबतो आहे. पहिल्यांदा आलेल्या माणसाला वाटतं, घरात बैलजोड्या आहेत आणि हे त्यांचं साज-सामान आहे.

त्यांचं शास्त्र मोठं होतं, आणि मला त्यातलं काही येत नाही याचा त्यांना फार आनंद होता. मी बँकेत नोकरीला, म्हणून मला ते 'बँकवाले' म्हणत. "बँकवाले, कॉम्प्युटरच्या पोटातला आवाज घाण असतो. आत पंखा फिरतोय, करंट फिरतोय, सगळ्याची घाण त्याला लागती. म्हणून आवाज बाहेर काढून धुवून घ्यायचा." हे धुणं ज्यात होतं ती काडेपेटीएवढी डबी म्हणजे डॅक. धुतलेल्या आवाजाला मग अंगात बळ यावं म्हणून अँप्लिफायर. त्यानंतर वायर, आणि सगळ्यात शेवटी हेडफोन. हेडफोनातही दोन जाती. एक बंद पाठीचे, त्यांतला आवाज कानातच राहतो पण कोंडल्यासारखा होतो. दुसरे उघड्या पाठीचे, त्यांत आवाज मोकळा येतो पण तो घरभर जातो. आण्णांचा ओढा उघड्या पाठीकडं. त्यामुळं ते एकटेच ऐकतायत असं त्यांना वाटे आणि वैनी स्वयंपाकघरात तीच ओळ विसाव्यांदा ऐकत भाकरी थापत असत.

हो, एकच ओळ. पुरतं गाणं आण्णा कधी ऐकत नसत. मला बोलावून घेत, पंखा बंद करत, फ्रिजचं बटण बंद करत (ते पुन्हा चालू करायचं विसरल्यामुळं दूध कितीदा नासलं हे वैनींनाच माहीत), माझ्या डोक्यावर हेडफोन बसवत आणि समोर बसून माझ्या तोंडाकडं बघत राहत. मी मान डोलवायला लागलो की ते हातानं थांबवत. "गाण्याकडं लक्ष देऊ नका. मागं बघा. तबलेवाल्याच्या बाजूला कुणीतरी खुर्ची सरकवली. आली का?" मला खुर्ची कधी आली नाही. पण त्यांच्या चेहऱ्याकडं बघून मी "आली" म्हणत असे आणि त्यांना बरं वाटत असे.

नवा हेडफोन आला की तो लगेच वापरायचा नाही, आधी चार-आठ दिवस नुसता वाजवत ठेवून मऊ करायचा, असा त्यांचा नियम. पण डोक्याविना नुसता टेबलावर ठेवला तर त्याचा ताण बरोबर बसत नाही. म्हणून आण्णांनी बाजारातून मस्तकाच्या मापाचा एक लाल भोपळा आणला आणि हेडफोन त्याच्या डोक्यावर चढवून ठेवला. वैनींची बहीण खानापूरहून आली होती. तिनं बराच वेळ भोपळ्याकडं बघितलं आणि वैनींना हळूच विचारलं, "आक्का, ह्याला तरी काय आवडलं का?"

माझ्या मुलीला ऑनलाइन क्लाससाठी हेडफोन हवा होता. मी चुकून आण्णांच्या कानावर घातलं. त्यांनी तिला समोर बसवून कानाची पाळी बघितली, चष्मा लागणार आहे का विचारलं, डोकं दुखतं का विचारलं. मग बाजारातल्या दुकानात आम्हाला घेऊन गेले. तो दुकानदार कानडी माणूस, भिडस्त. आण्णांनी एकेक डबा उघडायला लावून प्रत्येकात दोष दाखवला, तेव्हा तो शेवटी हात जोडून "साक्रि, सर," म्हणाला. म्हणजे पुरे आता. आण्णा म्हणाले, घाई करायची नाही. मुलीचा क्लास संपला, परीक्षा झाली, ती पासही झाली. त्यानंतर एका सकाळी आण्णा दारात येऊन म्हणाले, "पोरीसाठी दोन ठरवलेत. त्यातला एक काढायचा आता."

हे सगळं हसण्यावारी चाललं होतं. मला वाटे, निवृत्त माणसाचा छंद आहे, दारू नाही की पत्ते नाहीत. ते कशासाठी चाललंय हे मला फार उशिरा कळलं, आणि तेही त्यांनी एकदा अख्ख्या गल्लीला कुंदा वाटला म्हणून. कारण विचारलं तर कुणाला सांगेनात. मी खनपटीला बसलो तेव्हा आत नेऊन त्यांनी कॉम्प्युटर लावला.

आण्णा मूळचे निपाणीचे. वडील तंबाखूच्या वखारीत हमाल, आई विड्या वळायची. वस्तीत एक गायन पार्टी होती. बाबासाहेबांच्या जयंतीला, लग्नाकार्याला, आसपासच्या गावांत बोलावणं येईल तिथं पाच जण जायचे. एक म्होरक्या पुढं गाणारा, मागं चौघं. त्या चौघांत आण्णांचे वडील. आण्णा शाळेत असतानाच ते वारले. घरात त्यांचा फोटो नाही. पण पार्टीचा सदलग्याला झालेला एक कार्यक्रम कुणीतरी टेपवर घेतला होता, आणि ती कॅसेट आण्णांनी कॉम्प्युटरवर उतरवून घेतली होती.

"म्होरक्याचा आवाज कळतो," आण्णा म्हणाले. "मागचे तिघंबी कळत्यात. ती माणसं पुढं लई वर्षं जगली, मी त्यांना ऐकलंय. चौथा लागत नव्हता. चौथा म्हणजे आमचा बाबा. ह्या नव्या अँप्लिफायरवर काल लागला."

मी ऐकलं. घरघर, कर्ण्याचा चिरका आवाज, टाळ्या, आणि गाणाऱ्यांच्या मागोमाग खरंच एक पुसटसा आवाज येत होता. मी म्हटलं, लागला. त्या दिवशी मी खोटं बोललो नव्हतो.

पंधरवड्यानं त्यांनी स्वतःच सांगितलं की तो आवाज म्हणजे म्होरक्याचाच प्रतिध्वनी होता. कर्ण्याचा आवाज समोरच्या भिंतीवर आपटून परत येत होता. सांगताना ते हसले. दुसऱ्या दिवशी त्यांनी तो अँप्लिफायर काढला आणि नव्याची चौकशी सुरू केली. निपाणीला त्यांची सख्खी आत्या होती, वडिलांची धाकटी बहीण. मी म्हटलं, त्यांना तरी ऐकवा. तर म्हणाले, "ऐकवायचंच हाय. पण असलं घरघरतं न्हाय. बाबा साफ निघाला की मग आत्तीपुढं ठेवायचा."

बाबा साफ निघायच्या आधी आण्णांचेच कान गेले. त्यांना ते कळलं नाही. त्यांना वाटलं हेडफोन गेला. एकामागून एक हेडफोन दुरुस्तीला जाऊ लागले आणि दुकानदार ते "सरी इदे, सर," म्हणून, म्हणजे सगळं ठीक आहे असं सांगून, परत देऊ लागला. वैनी हाक मारत आणि हे कॉम्प्युटरकडं बघत बसत, डोक्यावर काही नसतानाही. शेवटी वैनींच्या सांगण्यावरून मीच त्यांना कानाच्या डॉक्टरांकडं नेलं. काचेच्या खोलीत बसवून त्यांच्या डोक्यावर हेडफोन चढवला तेव्हा त्यांनी पहिल्यांदा तो काढून उलटसुलट करून कंपनीचं नाव वाचलं. डॉक्टरीणबाई शांतपणे थांबल्या. मग कागदावरची उतरत गेलेली रेघ दाखवून त्यांनी सांगितलं की खालचे आवाज बरे येतात, वरचे, बारीक, चिरके आवाज जवळजवळ गेले आहेत. वयानं जातात, ते परत येत नाहीत. श्रवणयंत्रानं बोलणं समजेल, पण गाणं पूर्वीसारखं नाही. आण्णांनी सगळं ऐकून घेतलं. बाहेर आल्यावर रिक्षाची वाट बघताना म्हणाले, "हेडफोन चांगला होता त्यांचा."

अनगोळ आलं तेव्हा म्हणाले, "बँकवाले, रविवारी निपाणीला येता का? आता थांबून काय साफ व्हायचं न्हाय."

आम्ही कोल्हापूरच्या बसनं गेलो. लॅपटॉप, डॅक, अँप्लिफायर आणि सगळ्यात आवडता उघड्या पाठीचा हेडफोन, हे सगळं टॉवेलात गुंडाळून आण्णांनी मांडीवर घेतलं होतं. आत्ती घराच्या उंबऱ्याशी उन्हाला बसल्या होत्या. वय झालेलं, पण नजर आणि कान शाबूत. आण्णांनी वायरी जोडून हेडफोन त्यांच्या डोक्यावर ठेवला तसा त्यांनी तो काढून त्यांच्याच हातात दिला. "हे औत मला नगं रं. पदर सरतोय. तसंच लाव."

तसंच म्हणजे लॅपटॉपच्या स्वतःच्या फुटक्या स्पीकरवर. आण्णांनी माझ्याकडं बघितलं. मग मुकाट्यानं वायर काढली आणि गाणं लावलं.

आत्ती डोळे मिटून ऐकत होत्या. मधेच ओठ हलत. म्होरक्या आला तेव्हा त्याचं नाव घेतलं, मागचे तिघं आले तेव्हा त्यांचीही नावं घेतली, आणि त्यातला एक कसा उधारीवर विड्या ओढायचा तेही सांगितलं.

"आणि चौथा?" आण्णांनी विचारलं.

"चौथा कोण रं?"

"बाबा."

आत्तींनी डोळे उघडले. "तुझा बा कुठला गातोय. वखारीतल्या तंबाकूनं छाती भरलेली त्याची. सूर लावला की खोकला यायचा. लई आवड होती, पर गाता आलं न्हाय त्याला कवाच. म्हणून म्होरक्यानं त्याच्या हातात झांज दिली हुती." आणि त्यांनी बोट वर केलं. "ही काय वाजतीया. ही. ही. ऐकू येतंय न्हवं?"

स्पीकरमधून झांज स्पष्ट वाजत होती. मला येत होती. आण्णा लॅपटॉपवर वाकले. एक कान लावला, मग दुसरा लावला. आत्तींचं बोट हवेत ताल धरून खाली-वर होत होतं आणि आण्णा गाण्याकडं कान लावून त्या बोटाकडं बघत होते.

"व्हय आत्ती," ते म्हणाले. "येतंय."

आत्तींनी आम्हाला जेवायला घातलं. भावाच्या आणखी काही आठवणी सांगितल्या, त्या आण्णांना किती ऐकू आल्या कोण जाणे. परतीच्या बसमध्ये हेडफोनचं गाठोडं त्यांनी वर सामानाच्या फळीवर ठेवलं. संकेश्वर मागं पडल्यावर मला म्हणाले, "ती झांज मला पहिल्यांदा येत हुती की. आवाजाच्या आड येती म्हणून मीच ती घरच्या कॉम्प्युटरवर कमी करून ठिवली, लॅपटॉपात तेवढी मूळची हुती तशी हाय. पाच-सहा वर्षं." मी खिडकीबाहेर उसाकडं बघत राहिलो.

घरी आल्यावर त्यांनी कमी केलेलं सगळं पुन्हा होतं तसं केलं. श्रवणयंत्र आणलं, त्यात वैनींचं बोलणं येतं, कुकरची शिट्टी येते, पण झांज म्हणजे पत्र्यावर खडा पडल्यासारखं काहीतरी येतं आणि जातं. नवं काही त्यांनी त्यानंतर घेतलं नाही. आवडता तेवढा ठेवून भिंतीवरचे बाकीचे हेडफोन एकेक करून गल्लीतल्या पोरांना देऊन टाकले, मापं न घेता.

आता दिवेलागणीला मी बँकेतून आलो की कधीकधी वैनी भिंतीपलीकडून हाक मारतात. मी जातो. आण्णा गाणं लावतात, हेडफोन माझ्या डोक्यावर ठेवतात आणि आपला तळहात माझ्यापुढं टेबलावर उताणा ठेवतात. झांज वाजते तशी मी त्यावर बोटानं टिचकी मारतो. मधे म्होरक्या रंगात येऊन घाई करतो, मागचे तिघं त्याच्यामागं धावतात, टाळ्या वाजवणारे लोकही भरकटतात. झांज तेवढी आपल्या जागेवर येत राहते.

"चुकत न्हाय न्हवं कुठं?" आण्णा विचारतात.

"नाही," मी म्हणतो, आणि त्यांना नीट कळावं म्हणून मानही हलवतो.